ताईने दिलेला ‘क’

घरात मला चिमणी म्हणतात. मी सहा फूट एक इंच आहे. नाव पडलं तेव्हा मी साडेपाच पौंडांची होते, पुढे काय वाढून ठेवलंय याची कुणाला कल्पना नव्हती, आणि नंतर ते बदलायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. क्लबातही तेच नाव चिकटलं, कारण ते तिथे माझ्या बहिणीने नेलं. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिचं बोट धरून मी पहिल्यांदा बास्केटबॉलच्या कोर्टवर गेले, तिच्या जुन्या बुटांत कापूस कोंबून खेळले, आणि तिसऱ्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर (हो, तिसऱ्या; एका गुडघ्याचं दोनदा झालं) तिने खेळणं सोडलं तेव्हा कप्तानकी तिच्याकडून माझ्याकडे आली.

हे सगळं आधी सांगते, कारण ज्या दिवशी मला नवं कॉन्ट्रॅक्ट दाखवलं, त्या दिवशी टेबलाच्या पलीकडे ताई बसली होती.

क्लबचं ऑफिस जिमच्या वर आहे. खाली कुणी चेंडू आपटला की त्याचा धक्का वर खुर्चीला जाणवतो. मालकांचा पाण्याच्या प्लास्टिक टाक्यांचा कारखाना. तोंडावर आम्ही त्यांना साहेब म्हणतो आणि पाठीमागे टाकीवाले. ताई तीन वर्षांपासून त्यांच्याकडे नोकरीला होती. काम एकच: कुठल्या खेळाडूला ठेवायचं, कुणाला सोडायचं आणि कुणाला किती द्यायचे, हे सामने बघून ठरवायचं.

“एक वर्ष,” टाकीवाले म्हणाले. “पैसे थोडे कमी. चाळीस टक्के. आणि कप्तानकी आपण तोफेला देतोय.”

तोफ म्हणजे आमची बावीस वर्षांची पोरगी. लांबून फेकलेला तिचा चेंडू जाळीत पडतो तेव्हा कडेला स्पर्शसुद्धा होत नाही. पोर चांगली आहे, तिच्याशी माझं काही वाकडं नाही.

“का?” मी विचारलं.

त्यांनी एक कागद पुढे सरकवला. वर माझा नंबर, खाली दोन रकाने. साखळी सामने: अ. प्लेऑफ: क. साखळी संपली की वरच्या आठ संघांची बाद फेरी होते, तिला आम्ही प्लेऑफ म्हणतो. पैसा, टीव्ही, नाव, सगळं तिथेच. साखळीत मी सामन्याला एकोणीस गुण केले होते आणि प्लेऑफमध्ये अकरा. त्याखाली एक ओळ: ‘मोठ्या सामन्यात प्रभाव घटतो.’

अक्षर ओळखायला मला वेळ लागला नाही. शाळेत माझ्या वह्यांवर कव्हर घालून नाव त्याच अक्षरात लिहिलेलं असायचं.

“हे तू लिहिलंस?”

“हो,” ताई म्हणाली.

“की साहेबांनी लिहायला लावलं?”

“मला कुणी काही लिहायला लावत नाही, चिमणे. मीच लिहिलं.”

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या खुर्चीत कळलं. टाकीवाल्यांनी सही करायला सात दिवस दिले. मी कागद घडी करून खिशात घातला आणि जिना उतरले. बोलले असते तर रडले असते, आणि टाकीवाल्यांसमोर रडायची माझी तयारी नव्हती.

आई आणि मी तिसऱ्या मजल्यावर राहतो, ताई आणि भाऊजी चौथ्यावर. आई पस्तीस वर्षं हॉस्पिटलच्या वॉर्डात सिस्टर होती. दोन मुली कोर्टवर घालवून तिला अजून फाउल कशाला म्हणतात ते नीट कळत नाही, पण मोजायला बसवा, तिच्या हातून एक गोळी इकडची तिकडे होणार नाही.

“क?” कागद चष्म्यासमोर धरून ती म्हणाली. “तू शाळेतसुद्धा क आणला नाहीस. चित्रकला सोडून.”

“मला बघायचंय, आई. मी खरंच तेवढी वाईट खेळले का.”

गेल्या वर्षीच्या प्लेऑफचे सहा सामने मी लॅपटॉपवर घेतले. रोज दुपारी एक. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, शेजारी आईची रेघांची वही. पहिल्या दिवशी मी नुसती स्वतःकडे बघत होते आणि खरं सांगायचं तर वाईट दिसत होते. मी चेंडू घेतला की समोरून दोघी अंगावर यायच्या. मी मारायचे, हुकायचं.

दुसऱ्या दिवशी आईनेच विचारलं, “तुझ्या अंगावर दोघी आल्या, तर तुमची एक जण मोकळी राहत असेल ना?”

“राहते.”

“मग तू तिला देतेस का?”

देत होते. तिथून आम्ही मोजायची पद्धत बदलली. मी कुणाला पास दिला, तिने बास्केट केली का, आणि क्लबच्या तक्त्यात तो पास माझ्या नावावर लिहिला का. त्यात एक खोच आहे. पास घेऊन खेळाडूने थेट चेंडू मारला तर पास देणारीला श्रेय मिळतंच. पण तिने एकदा चेंडूचा जमिनीवर टप्पा घेऊन मग मारला, तर श्रेय द्यायचं की नाही, हे मोजणाऱ्याच्या मनावर असतं. क्लबच्या तक्त्यात तोफेच्या नावावर असे टप्पावाले पास लिहिलेले होते. बाकीच्या तिघींच्याही. माझे मात्र एकूण एक गाळलेले.

शनिवारी आईने वहीत रेघ मारली. “चौदा.”

“सहा सामन्यांत चुकून होऊ शकतं, आई.”

“हे बघ. एखादी नर्स एखाद्या पेशंटची गोळी एकदा विसरते. चौदा वेळा एकाच खाटेची विसरत नाही.” तिने चष्मा काढला. “वर जा. आणि आवाज चढवू नकोस, पलीकडच्यांचं बाळ झोपलेलं असतं.”

दार भाऊजींनी उघडलं, माझा चेहरा बघितला आणि खुंटीवरची पिशवी उचलली. “मी जरा भाजी बघून येतो,” म्हणाले आणि चपला न घालताच दोन पायऱ्या उतरले, मग परत येऊन चपला घातल्या.

ताई इस्त्री करत होती. मी वही इस्त्रीच्या शर्टावर ठेवली.

“चौदा पास.”

तिने पानं उलटली नाहीत. इस्त्री उभी करून ठेवली, बटण बंद केलं. तिला माहीत होतं. तिला आकडासुद्धा माहीत होता की काय, असं मला वाटलं.

“पहिल्या दिवशी साहेबांनी मला विचारलं होतं,” ती म्हणाली, “बहिणीचं काय करणार? मी म्हटलं, माझ्यासाठी ती एक नंबर आहे, बाकी काही नाही. त्यानंतर जिथे जिथे शंका आली, तिथे मी तुझ्या विरुद्ध निकाल दिला. लोकांनी म्हणू नये म्हणून.”

“काय म्हणू नये?”

“की बहिणीला झुकतं माप देते.”

“म्हणजे लोकांच्या तोंडाला भिऊन तू मला कापलंस.”

“हो,” ती म्हणाली. तिचं हेच कठीण आहे, खोटं बोलत नाही, म्हणून भांडताही येत नाही. “मी उद्या नवा तक्ता देते. पण एक ऐक. चौदाच्या चौदा धरले तरी तू ब होतेस. अ होत नाहीस.”

“ताई!”

“शेवटच्या क्वार्टरमध्ये तुझा डावा पाय ओढला जातो. एकतीस वर्षांची आहेस. मी बघितलंय, तूही बघितलं असशील.”

बघितलं होतं. त्याचाच तर जास्त राग आला. मी वही उचलली आणि पलीकडच्या बाळाला जाग येईल इतक्या जोरात दार लावलं.

सातव्या दिवशी मी ऑफिसात पोचले तेव्हा ताईने नवा तक्ता टाकीवाल्यांच्या पुढ्यात ठेवलेला होता. ते तो बोटाच्या टोकाने फिरवत होते.

“गेल्या आठवड्यात क, आज ब. मधे काय झालं? एक जिना?”

“मधे मी पुन्हा मोजलं, साहेब,” ताई म्हणाली. “आधी चुकले होते. मुद्दाम चुकले होते.”

“हे तू बाहेर कुठे बोलू नकोस.” मग माझ्याकडे वळले. “हे बघ बाळ, जुना कागद दप्तरी लागला. तो बदलला तर उद्या बाराच्या बारा जणी आपापले सामने घेऊन माझ्या दारात बसतील. पण मी मन मोठं करतो. गेल्या वर्षीइतकेच पैसे घे. एक वर्ष. क राहू दे, कोण वाचतंय?”

“पैसे तुमचे ते चाळीस टक्के कमीच ठेवा, साहेब. क खोडा.”

“अगं, एक अक्षर आहे ते.”

“मग खोडायला कितीसा वेळ लागेल?”

ते हसले. ताई हसली नाही. खाली कुणीतरी चेंडू आपटत होतं.

“बाहेर तुला कोण विचारणार आहे?” टाकीवाले म्हणाले. आता आवाजात बाळबिळ काही नव्हतं. “एकतीस पूर्ण. प्लेऑफमध्ये क. हा कागद माझ्या कपाटात राहतो असं वाटतं का तुला? सगळ्या क्लबांचे लोक एकमेकांना ओळखतात.”

“ओळखू देत.”

मी पेनाला टोपण लावलं, कॉन्ट्रॅक्टवर आडवं ठेवलं आणि उठले. अकरा वर्षं त्या क्लबात होते. लॉकरमधून बूट, टॉवेल आणि एक फुटका आरसा घेतला.

टाकीवाले एका बाबतीत खरे निघाले. कागद कपाटात राहिला नाही. दोन क्लबांनी फोन घेतले नाहीत, तिसऱ्याने घेतला आणि विचारलं, मी लहान मुलींना शिकवायला येईन का. दोन महिने मी रोज सकाळी एकटीने पळत होते. आई विचारायची नाही आणि मी सांगायचे नाही. ताई जिन्यात भेटायची. मी कठड्याला टेकून तिला वाट द्यायचे आणि ती मला द्यायची, म्हणजे दोघी उभ्याच राहायचो. एकदा खालच्या काकूंनी विचारलं, “लिफ्टची वाट बघताय का गं?” आमच्या इमारतीत लिफ्ट नाही.

मग मास्तरांचा फोन आला. मास्तर दिवसा शाळेत भूगोल शिकवतात आणि संध्याकाळी बंदरावरच्या कामगारांच्या क्लबला. तो संघ आठ वर्षांत एकदाही प्लेऑफला पोचला नव्हता. त्यांचा हॉल पूर्वी गोदाम होता आणि एका कोपऱ्यात अजून वजनकाटा होता, जमिनीत पक्का केलेला, म्हणून कुणी काढला नव्हता.

“दोन वर्षं देऊ शकतो,” मास्तर म्हणाले. “पैसे तुझ्या लायकीचे नाहीत, आधीच सांगतो.”

“तुम्ही तो कागद वाचला असेल.”

“वाचला. प्लेऑफमध्ये क. अगं, आमच्याकडे प्लेऑफच्या रकान्यात कुणाच्या नावापुढे काही लिहिलेलंच नाही. तू आलीस तर निदान एक अक्षर होईल.”

मी तिथल्या तिथे सही केली. महिनाभरात मला पश्चात्ताप झाला, हेही सांगते. पोरी कामावरून थेट यायच्या, एक क्रेन चालवायची, दोघी बंदराच्या कॅन्टीनमध्ये होत्या, आणि पहिले पाच सामने आम्ही ओळीने हरलो. पण त्या शिव्या देऊन का होईना, पळायच्या. दोघी माझ्या अंगावर आल्या की तिसरी कुठे मोकळी होते, हे मी त्यांना शिकवलं. बाकीच्या हंगामात आम्ही जिंकत-हरत, रडतखडत आठव्या नंबरवर पोचलो.

आठव्याची गाठ पहिल्याशी पडते. पहिला नंबर टाकीवाल्यांचा. तीन सामने, जो दोन जिंकेल तो पुढे.

त्या आठवड्यात आईने टेबलावर फर्मान काढलं: खेळाचा विषय दोन्ही मजल्यांवर बंद. आणि मग स्वतःच मला म्हणाली, “मोठीच्या घरी दिवसभर लॅपटॉप चालू असतो. तू तेवढं लक्षात ठेव.”

पहिला सामना त्यांच्या जिममध्ये होता. पाचव्या मिनिटालाच मला कळलं. त्यांचा प्रत्येक हल्ला माझ्या डावीकडून येत होता. मला पळवत होते, वळवत होते, पुन्हा पळवत होते. ही आखणी कोचची नव्हती. जगात एकाच माणसाला माझा डावा पाय इतका पाठ आहे. शेवटच्या क्वार्टरपर्यंत माझी दमछाक झाली आणि आम्ही अठरा गुणांनी हरलो. वर ऑफिसच्या खिडकीत ताई उभी होती, हातात वही. मी तिच्याकडे बघितलं आणि तिने नजर वळवली नाही. मला ते आवडलं. माझ्या बाजूने चोरटी चूक केली असती तर मी तिला आयुष्यभर माफ केलं नसतं.

बसमध्ये मी मास्तरांच्या शेजारी बसले. “तिसरा क्वार्टर मला बाहेर बसवा. अख्खा.”

“वेडी का? तिथेच सामना हातचा जाईल.”

“बारा गुणांनी मागे पडलो तरी चालेल. शेवटी माझे पाय ताजे हवेत. तोफेला मी एकटी धरते.”

“तुझे गुण होतील चार-सहा. उद्या लोक म्हणतील, क दिला तो बरोबरच होता.”

“म्हणू देत की, मास्तर.”

दुसरा सामना आमच्या गोदामात होता. तिसऱ्या क्वार्टरमध्ये मी बाकावर बसले आणि आम्ही अकरा गुणांनी मागे पडलो. प्रेक्षकांनी मास्तरांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. शेवटच्या क्वार्टरला मी उतरले आणि तोफेच्या अंगाला सावलीसारखी चिकटले. ती पाणी प्यायला गेली तर मीही गेले.

“चिमणीताई, आता तरी सोडा की,” ती धापा टाकत म्हणाली.

“दहा मिनिटं थांब, मग कायमची सोडते.”

त्या दहा मिनिटांत तिला एकही बास्केट मिळाली नाही. माझे सगळे मिळून आठ गुण झाले. आम्ही तीन गुणांनी जिंकलो, आणि क्रेनवाली पोरगी वजनकाट्यावर उभी राहून ओरडत सुटली.

तिसरा सामना पुन्हा त्यांच्या जिममध्ये. हॉल गच्च भरलेला. आई पहिल्यांदाच आली आणि कुठल्या बाजूला बसायचं हे न ठरवता आल्याने मधल्या दारात उभी राहिली. सामना शेवटपर्यंत मुंगीच्या पावलाने पुढेमागे होत राहिला. नऊ सेकंद उरले होते. आम्ही एका गुणाने मागे, चेंडू माझ्या हातात. दोघी अंगावर आल्या. कोपऱ्यात क्रेनवाली एकटी उभी होती, पूर्ण मोकळी. मी पास दिला. तिने मारला. चेंडू कडेवर आपटला, वर उडाला, पुन्हा आपटला आणि बाहेर पडला.

हरलो.

क्रेनवाली तिथेच मटकन खाली बसली. मी तिला काखेत हात घालून उभी केली. “रडायचं असेल तर लॉकरमध्ये. इथे नाही. इथे मान वर.” आम्ही बाराही जणी ताठ मानेने बाहेर पडलो. दारात एका पत्रकाराने माईक पुढे केला. “शेवटचा चेंडू तुम्ही स्वतः का मारला नाही? मोठ्या सामन्यात प्रभाव घटतो, हे खरं मानायचं का?”

“तुम्ही माना,” मी म्हटलं. “मी नाही मानत.”

आठवड्याने टाकीवाल्यांचा फोन आला. आवाजात साखर विरघळलेली. तीन वर्षं, कप्तानकी परत, पैसे मी कधी मागितले नव्हते तेवढे. “नवा तक्ता करून घेऊ. अ.”

“माझं बंदरावर अजून एक वर्ष बाकी आहे, साहेब.”

“ते सोडवून घेऊ. त्यांना पैसे देऊ.”

“तुम्ही त्यांना द्याल. मी सुटणार नाही.”

फोन ठेवल्यावर माझं मन खट्टू झालं नाही असं नाही. तेवढ्या पैशात आईची खोली, माझा पाय, पुढची दहा वर्षं, सगळं सरळ लागलं असतं. मी ते आईला सांगितलं. ती म्हणाली, “माझी खोली आहे तशी बरी आहे,” आणि विषय संपवला.

त्याच महिन्यात ताईचंही टाकीवाल्यांशी फाटलं. तोफेला पाच वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट द्यायचं होतं आणि तक्त्यात प्लेऑफपुढे अ लिहून हवा होता. ताईने लिहिलं: ‘अजून कळायचं आहे.’ साहेब म्हणाले, अ लिही. ताई म्हणाली, तुमचं पेन आहे, तुम्हीच लिहा, खाली माझं नाव घालू नका. तिचं कॉन्ट्रॅक्ट संपतच होतं, त्यांनी ते पुढे केलं नाही. हे मला भाऊजींकडून कळलं, तेही भाजीच्या पिशवीसकट जिन्यात उभं राहून.

ताईला दुसऱ्या शहरातल्या एका क्लबात तेच काम मिळालं. भाऊजी मागाहून जाणार होते. रविवारी सकाळी मी चौथ्या मजल्यावर गेले, तिची जड बॅग उचलली आणि चालायला लागले. ती मागून दुसरी घेऊन आली. वर्षभर बोललो नव्हतो, त्यामुळे सुरुवात कुठून करावी हे दोघींनाही कळेना. तशाच बस स्टँडवर पोचलो.

गाडी लागल्यावर ताई म्हणाली, “चौदा पासांचं मला—”

“राहू दे.”

“राहू देत नाही. माफी मागतेय, मागू दे.”

“माग.”

तिने मागितली. मग बॅग वर टाकली, खाली उतरली आणि म्हणाली, “पण तो शेवटचा चेंडू तू मारायला हवा होतास.”

“ती मोकळी होती.”

“त्या कोपऱ्यातून तिचे दहातले तीन पडतात. तू दोघींच्या डोक्यावरून मारलास तरी दहातले चार. मी मोजलंय.”

“मोकळी होती, ताई.”

“एका गुणाचा खेळ होता, चिमणे!”

“पुन्हा तसंच झालं तर पुन्हा तिलाच देईन. यंदा ती रोज त्या कोपऱ्यातून दोनशे चेंडू मारतेय. तू ये आणि मोज.”

कंडक्टरने घंटी वाजवली. ताई चढली, खिडकीशी बसली, काच सरकवून अजून काहीतरी सांगत होती, हातांनी कोर्ट आखून दाखवत होती, दोघी इथे, मी इथे, बास्केट इथे. गाडी हलली. मी स्टँडवर उभी राहून गाडी दिसेनाशी होईपर्यंत मान हलवत राहिले. नाही. नाही. नाही.